साक्षीला हजर

ही घडलेली गोष्ट आहे. देवापुढे दिवा लावून लिहायला बसले आहे. कुणाला उगाच घाबरवायची मला हौस नाही.

माझी मावसबहीण सुचित्रा फोर्टमधल्या एका सव्वाशे वर्षं जुन्या सॉलिसिटर फर्ममध्ये कामाला आहे. नाव सांगत नाही. तिथले हेडक्लार्क गुणाजीकाका नव्या माणसाला फर्मचा इतिहास एका वाक्यात ऐकवायचे, "आपला साक्षीदार कोर्टात कधी गैरहजर राहिला नाही. मेला तरी येईल!"

सगळे हसायचे. सुचित्राचा नवरा दौलतसुद्धा. तोही तिथेच क्लार्क.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या जागी तिला घेतलं. तेव्हापासून ती ना रडली, ना हसली.

गेल्या वर्षीची एक एकादशी. दुपारचे अडीच. परळच्या हॉस्पिटलात फर्मच्या जुन्या अशील पर्ल आंटींचं मृत्युपत्र करायचं होतं. माझगावची खोली भाचीला, इनेझला द्यायची होती. आठ वर्षं त्यांचं सगळं तिनेच केलं होतं. कागद झाला नाही, तर पुतण्या आल्विन तिला बाहेर काढणार होता.

"ज्याला मिळणार, तो समोर नको," असं सांगून सुचित्राने इनेझला खाली पाठवलं.

आंटींनी सही केली. साक्षीदार म्हणून सुचित्राने केली. दुसरा साक्षीदार गुणाजीकाका, ते लालबागला ट्रॅफिकमध्ये अडकलेले.

"आम्हाला परवानगी नाही हो, ताई," सिस्टर म्हणाली.

सुचित्रा बाहेर जाऊन दोघातिघांना विचारून आली. कुणी तयार होईना.

परत खोलीत शिरली आणि...

पंखा फिरत होता. आवाज नव्हता.

"तुझा नवरा सही करून गेला गो," आंटी म्हणाल्या. "काय बोलला नाय. डावखुरा हाय ना?"

कागदावर दुसरी सही होती. डाव्या हाताखाली शाई फरफटलेली. खाली दोन टिंबं...

दौलत द्यायचा तशीच.

तिने पेन उचललं. गरम होतं.

संध्याकाळी आंटी गेल्या. गुणाजीकाकांनी ती सही पाहिली आणि कागद मिटला. "कपाटात ठेव," एवढंच म्हणाले.

मग आल्विनने हरकत घेतली. कोर्टाने दोन्ही साक्षीदारांना समन्स काढलं. सुचित्रा रोज पोथी वाचते, खोटं बोलणार नाही. आणि खरं बोलली, तर इनेझचं छप्पर जाणार.

दौलतच्या नावाचं समन्स परत यायला हवं होतं.

आलं नाही.

फाइलला पोच लागली. त्या दिवशी सुचित्रा देवळात होती, घराला कुलूप होतं. पोचेवर बेलिफाचा शेरा, "साक्षीदाराने स्वतः घेतले."

खाली सही. फरफटलेली. दोन टिंबं...

तारीख सोमवारी आहे.

काल तिच्याकडे गेले, तर ती दौलतचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती.

"हे कशाला गं?"

"सोमवारी लागेल त्याला," ती म्हणाली. ना भीती, ना आनंद. कॉलर उलटवून पुन्हा इस्त्री फिरवली.

घरी येऊन मी जपाला बसले. माळेचा मणी काही पुढे सरकेना.