हाडावरची बोटं

विचारलंतच म्हणून सांगते. त्या दुपारी एक्स-रेचं मशीन बंद होतं, म्हणून सात वर्षांच्या एका मुलीचा सुजलेला हात मी सोनोग्राफीवर बघायला घेतला. त्यात नवल काही नाही. हाड पडद्यावर पांढऱ्या रेघेसारखं दिसतं. मोडलं असेल तिथे रेघेला पायरी पडते.

"कुठे पडली?" मी तिच्या वडिलांना विचारलं.

"पडली नाही, मॅडम. झोपेतून उठली ती हात धरूनच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वर्षापूर्वी हिची आई गॅलरीतून गेली. लोंबकळत होती, तरी हिचा हात सोडेना... मीच सोडवला. नाहीतर दोघी गेल्या असत्या."

मी पडदे ओढले. थंड जेल लावून मनगटाच्या वर प्रोब टेकवला. रेघ दिसली, पायरी दिसली. आणि त्या रेघेवर आडव्या, वाकलेल्या चार बारीक रेघा. प्रत्येकीखाली, हाडाखाली पडते तशी काळी सावली. प्रोब फिरवला. पलीकडून पाचवी आली होती, आखूड आणि जाड.

वरच्या कातडीवर साधा वळही नव्हता.

"दुखतंय का गं?"

"आई घट्ट धरते ना," ती म्हणाली.

पडद्यावरच्या रेघा आवळल्या. पायरी आणखी खोल गेली. मुलगी रडली नाही.

मी प्लास्टर घातलं. दुसरं काय येतं मला? पुढच्या आठवड्यात प्लास्टरच्या वर, दंडावर प्रोब ठेवला. बोटं तिथवर आली होती आणि तिथलंही हाड तडकलं होतं.

"काहीतरी करा," वडील म्हणाले.

मी प्लास्टर दंडापर्यंत वाढवलं.

त्यानंतर ते एकटेच आले. गॅलरीला जाळी ठोकली होती, म्हणाले, तरीसुद्धा मुलगी खाली सापडली. खुर्चीत बसून त्यांनी बाही वर सारली.

"माझा बघा."

बघितला. मनगटापासून कोपरापर्यंत सलग, स्वच्छ रेघ.

"काही नाही," मी म्हणाले.

"म्हणजे त्या दोघी मला नेणार नाहीत."

बाही खाली करून ते निघून गेले.

प्रोब पुसून मी खुंटीला अडकवला आणि मशीन बंद करायला वळले. प्रोब कुणालाच टेकलेला नव्हता, नुसता हवेत लोंबत होता. पडद्यावर मात्र त्या बोटांसारखीच एक बारीक पांढरी रेघ उमटली होती, आणि ती सावकाश लांबत चालली होती.