शंभर वेळा धुतलेलं तूप

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, ही म्हण लातूरच्या किरणोपचार केंद्रात आता कुणाच्या तोंडी नव्हती. स्तनाच्या कर्करोगासाठी बायका पूर्वी पाच-पाच आठवडे किरण घेत. आता पाच दिवसांत काम भागायचं. ही किमया त्वचावाचकाची. हे यंत्र रोज सकाळी छातीच्या कातडीची लाली आणि ऊब मोजायचं. जिची कातडी लवकर लाल होई, तिच्या पेशी नाजूक, म्हणून तिला किरण कमी. जिची शांत राही ती चिवट, तिला जास्त. मात्रा डॉक्टर नव्हे, कातडीच ठरवायची.

छत्तीस वर्षांच्या ओवीची पहिल्याच दिवशी छातीशी आग आग झाली. सोबतीला आई होती, प्राजक्ताबाई. क्रीम, मलम, पावडर लावायची नाही, असं केंद्रानं बजावलं होतं, आणि या मायलेकी सांगितलेलं ऐकणाऱ्या होत्या. पण तूप काही मलम नव्हे, तूप घरचं! आईनं काशाच्या ताटात तूप घेतलं, पाणी घालून वाटीच्या बुडानं फेसलं, पाणी ओतून दिलं, पुन्हा घातलं. असं शंभर वेळा. लहानपणी भाजल्यावर प्राजक्ताबाईंना त्यांच्या आईनंही हेच लावलं होतं. ते पांढरंशुभ्र तूप छातीला लागल्यावर ओवीला झोप आली. सकाळी ओल्या फडक्यानं पुसून दोघी केंद्रात गेल्या. क्रीम, मलम, पावडर लावली का, या प्रश्नाला दोघींनी अगदी खरेपणानं नाही म्हटलं.

यंत्राला कातडी गार, फिकी दिसली. त्यानं मात्रा वाढवली. पुढचे तीनही दिवस तेच.

किरणांचा दाह आपलं खरं रूप उपचार संपल्यावर दाखवतो. ओवीची कातडी दहाव्या दिवशी काळवंडली, मग सोलली, मग फाटली. तिसऱ्या आठवड्यात तिला केंद्रात भरती करावं लागलं.

त्वचावाचक घडवणाऱ्या डॉ. हिरेमठबाईंनी आईला खोलीत बोलावलं. इतकी शांत कातडी आपण कधी पाहिली नव्हती, घरी काही करत होता का, असं त्यांनी विचारलं.

"लेकराची आग आग व्हायली होती, डॉक्टर. तूप लावलं. साधं नाही, शंभर वेळा धुतलेलं." हे सांगताना प्राजक्ताबाईंच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

डॉक्टरांनी ओवीचे पाच दिवसांचे आकडे पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "तुपानं वरची लाली गेली. आतलं जळणं चालूच होतं. यंत्राला वाटलं, हिला सोसतंय."

"म्हणजे मी..."

"आम्ही मलमाचं विचारलं. तुपाचं विचारायचं आम्हाला सुचलं नाही." त्यांनी मान खाली घातली. आतल्या रक्तवाहिन्याच मेल्यात, जखम भरण्याची आशा नाही, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

प्राजक्ताबाई वॉर्डात आल्या तेव्हा ओवी जागीच होती. वेदनेनं तिचे ओठ सुकले होते.

"आई, तूप आण ना गं. त्यानंच बरं वाटायलं होतं."

"आणते," प्राजक्ताबाई म्हणाल्या. लेकीनं पुढे केलेला हात हातात घ्यायचीही त्यांना भीती वाटली.