एइनो वार्तियाची नोकरी

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल दुसरं काहीतरी वाचावं. मला कुणाला पटवायचं नाही.

भुतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी जन्मभर हसत आले. सौनाच्या वाफेतून बाहेर आल्यावर, पोटात बिअर गेल्यावर ज्यांना मेलेले आजोबा दिसतात, अशा शूरवीरांची आमच्या फिनलंडमध्ये कमी नाही.

पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

तेही रात्री नाही. दिवसाढवळ्या. म्हणजे नोव्हेंबरात आमच्याकडे जेवढा म्हणून दिवस असतो, तेवढ्यात.

तुर्कू शहराच्या पुढे किनाऱ्याला एक लहान गोदी आहे. नाव सांगणार नाही. तिथे एक जुनं प्रवासी जहाज दुरुस्तीला आलं होतं. नाताळच्या आत ते पाण्यात सोडायचं होतं.

माझं काम आगीच्या कामाचे परवाने देण्याचं. जहाजात कुणाला वेल्डिंग करायचं असेल, लोखंड कापायचं असेल, तर आधी मी तिथे जाते. भिंतीच्या मागच्या बाजूला काय आहे ते बघते. गाद्या आहेत की रंगाचे डबे, ठिणगी कुठवर उडेल... सगळं बघते. मग एक पहारेकरी नेमते.

वेल्डर काम करतो, पहारेकरी नुसता बघतो. वेल्डर कॉफीला गेला तरी हा तिथेच. काम संपल्यावरही तासभर तिथेच.

कारण आग लगेच लागत नाही. ती भिंतीत दबा धरून बसते. सगळे गेले की बाहेर येते.

हे शाळकरी पोरालाही कळतं. युर्की सालोमाला कळत नव्हतं.

युर्की आमच्या प्रकल्पाचा साहेब. हेल्मेट नवं कोरं, एक ओरखडा नाही. बुटांना पॉलिश. जहाजाचा तळमजला त्याने पाहिला होता, पण नकाशावर.

एका सकाळी त्याने पहाऱ्याची सगळी माणसं घरी पाठवली.

"एक जण काम करतो आणि दुसरा त्याच्याकडे बघत बसतो," तो मला म्हणाला. "आणि पगार दोघांना! हे काम आहे की प्रेमप्रकरण, राईलीबाई?"

"परवान्यावर पहारेकऱ्याचं नाव लागतं," मी म्हटलं.

"मग लिहा की नाव. एइनो वार्तिया."

"हा कोण?"

"कुणी नाही! वार्तिया म्हणजेच पहारेकरी. आडनावातच ड्यूटी! जेवण नको, रजा नको, युनियन नको. असा गुणी कामगार तुम्हाला सात जन्मांत मिळायचा नाही."

आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. एकटाच.

मी म्हटलं, "नसलेल्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही."

"नका लिहू. मी लिहितो."

त्याच दिवशी तळमजल्याचे परवाने त्याने माझ्या हातून काढून घेतले. मी गोदीच्या मोठ्या साहेबाकडे गेले. त्याने पावावरची काकडी नीट करत, मान वर न करता विचारलं, "युर्की बघतोय ना?"

युर्की बघत होता. मग काय, प्रश्नच मिटला.

नंतरचे काही दिवस शांत गेले.

मग एकदा राइवो माझ्याशेजारी कॉफी घेऊन बसला. राइवो एस्टोनियाचा. केस पिकेपर्यंत वेल्डिंग केलेला माणूस. फालतू बडबड करत नाही.

"राईलीताई," तो म्हणाला, "तुमचा तो म्हातारा बोलत का नाही?"

"कोणता म्हातारा?"

"खालचा. एइनो."

मला वाटलं, युर्कीने यालाही विनोदात सामील करून घेतलंय.

"राइवो, त्या माकडाच्या नादी लागू नकोस."

त्याने कप खाली ठेवला. "मी चेष्टा करतोय असं वाटतं का तुम्हाला? रोज असतो तो. बोळाच्या टोकाला बादली पालथी घालून बसतो. करडी डांगरी. पाठ आमच्याकडे. आम्ही वर आलो तरी तो खालीच. चांगलं काम करतो... फक्त एक खोड आहे त्याची."

"कसली?"

"ठिणगी जरा लांब उडाली की नाकातून आवाज काढतो. 'हं...' असा. जणू आम्ही कालच जन्माला आलो!"

मी हेल्मेट घातलं आणि खाली गेले.

तळमजल्यावर जुन्या केबिनींचा बोळ. दोन्हीकडे सोललेल्या पोलादी भिंती. जेवणाची सुट्टी होती. कुणी नव्हतं. कापलेल्या लोखंडाचा वास तेवढा होता.

बोळाच्या टोकाला...

बादली. पालथी.

शेजारी आग विझवायचा लाल सिलिंडर. अगदी नियमाप्रमाणे, हात लांबवला की मिळेल असा.

मी बादलीला हात लावला. वरचा पत्रा कोमट होता. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखा.

बोळाला दार एकच. मी त्यातूनच आले होते.

मी स्वतःशीच म्हटलं, राईली, तुझं वय झालं. वळले. राइवोने सकाळी भिंत कापली होती, तिथे जाऊन मागची बाजू तपासावी म्हणून वाकले. हातमोजा न काढताच भिंतीवर हात ठेवला. असं करायचं नसतं. हात उघडा हवा, नाहीतर ऊब कळत नाही.

आणि माझ्या मानेमागे... अगदी कानाजवळ...

"हं."

ओरडणं नाही. धमकी नाही. नुसती तुच्छता. माझ्या सासूनेही मला कधी इतकं कवडीमोल केलं नव्हतं.

मी जिना कसा चढले, आठवत नाही.

वर येऊन मी युर्कीला सांगितलं. सांगायला नको होतं खरं तर. अशा माणसाला काही सांगणं म्हणजे त्याच्या हातात ढोल देणं. त्याने तो सगळ्या जहाजभर बडवला.

"ऐकलंत का? परमिटबाईंना एइनो भेटला! काय म्हणाला हो? पगारवाढ मागितली का?"

कुणी हसलं नाही. वेल्डर खाली बघत राहिले.

ते बघून मात्र त्याचा चेहरा उतरला. विनोदाला कुणी हसलं नाही की अशा माणसांना अपमान वाटतो.

"चला," तो म्हणाला. "सगळे चला खाली. हे खूळ आत्ताच्या आत्ता संपवतो."

आम्ही गेलो. युर्की बोळाच्या तोंडाशी उभा राहिला. खालच्या मजल्यावर तो पहिल्यांदाच येत होता, वाकायचं कुठे ते माहीत नव्हतं, दोनदा डोकं आपटलं.

बोळ रिकामा होता. टोकाला बादली.

युर्कीने घसा साफ केला आणि भाषणाच्या आवाजात म्हणाला, "एइनो वार्तिया! तुला कामावरून काढण्यात येत आहे. उद्यापासून यायचं नाही. आजपासूनच नाही. चालता हो!"

आवाज पोलादात घुमला. विरला.

मग...

बादली खरवडल्याचा आवाज झाला. कुणीतरी तिच्यावरून उठावं तसा.

पावलं वाजली. जड बूट. सावकाश. घाई नाही, राग नाही. बोळातून आमच्याच दिशेने येत होती.

कुणी दिसत नव्हतं.

राइवो बाजूला झाला. मीही झाले. का झाले, सांगता येणार नाही. वाट द्यावीशी वाटली. अंगावरून ओल्या लोकरीचा वास गेला. मग जिन्याच्या पायऱ्या एकामागून एक वाजत वर गेल्या... आणि थांबल्या.

युर्की पांढराफटक पडला होता. तरी म्हणाला, "पाईप वाजतात. जुनं जहाज आहे."

दुसऱ्या दिवशी एकाही वेल्डरने खाली पाऊल टाकलं नाही.

"काल होता तोवर ठीक होतं," राइवो म्हणाला. "आता खाली पहारा नाही."

"अरे, तो नव्हताच!" युर्की किंचाळला. "जो नव्हता तो नसल्याने काय फरक पडतो?"

"मग तुम्ही जा."

सगळे बघत होते. युर्कीपुढे दोन वाटा होत्या. चूक कबूल करून खरा पहारेकरी बोलवायचा, किंवा मूर्खपणा करायचा. त्याने निवड करायला क्षणही लावला नाही.

"आगीच्या कामाचं कार्ड माझ्याकडेही आहे," म्हणाला. गॅसकटर उचलला. "एक पाईप तर कापायचाय."

मी त्याच्या आडवी उभी राहिले. त्याने मला खांद्याने बाजूला सारलं. मी राइवोला पाण्याचा होज तयार ठेवायला सांगितलं आणि काम थांबवण्यासाठी मोठ्या साहेबाकडे निघाले. डेकवर पोचेपर्यंत आगीची घंटा वाजली.

भिंतीच्या मागे थंडी अडवायला लावलेला बुचाचा जुना, झटकन पेटणारा थर होता. मी असते तर आधी तो काढायला लावला असता. युर्कीने भिंतीमागे बघितलंच नव्हतं.

राइवो तोंडाला ओलं फडकं बांधून, होज घेऊन आत शिरला आणि त्याला फरफटत बाहेर घेऊन आला. अग्निशमन दलाने आग तळमजल्यावरच आटोक्यात आणली. युर्की जगला. हात भाजले, छातीत धूर गेला.

अपघाताचा जबाब घ्यायला मला तुर्कूच्या इस्पितळात जावं लागलं. फुलं नेली नाहीत.

मला वाटलं होतं, आता हा सगळ्यांवर ढकलेल. वेल्डरांवर, गॅसवर, माझ्यावर. पण तो छताकडे बघत पडून होता.

"तो तिथे होता," म्हणाला.

"कोण?"

"दाराशी. बादलीवर. पाठ माझ्याकडे. लाल सिलिंडर त्याच्या हाताशी होता, राईली. नुसता हात लांबवायचा होता. धूर वाढला तसा मी ओरडलो... सिलिंडर दे! मदत कर!"

"मग?"

त्याने डोळे मिटले.

"म्हणाला... मी आता कामावर नाही."

बाहेर बोळात नर्सची ढकलगाडी गेली, तर तो दचकून उठून बसला.

"त्याने वळून पाहिलं का?" मी विचारलं. "चेहरा दिसला?"

"वळला ना..." युर्कीचा आवाज फुटला. "पण मी फक्त नाव दिलं होतं त्याला. चेहरा कुठे दिला होता?"

मी जबाबाचा कागद खिशात घातला आणि निघाले.

लोक म्हणतात, धुराने डोकं फिरलं असेल. असेल. पण मी युर्कीला ओळखते. त्याला खोटं बोलायचं असतं तर त्या गोष्टीत तो स्वतः कुणाला तरी वाचवताना दिसला असता. ज्यात आपली अशी शोभा होते ती गोष्ट रचायची अक्कलही त्याच्यात नाही आणि हिंमतही नाही.

ते जहाज दुरुस्त होऊन गेलं. युर्की दुसऱ्या शहरात, कुठल्याशा कचेरीत बसतो म्हणे. मी दुसऱ्या गोदीत परवाने देते. इथे माणसं खरी आहेत. मी प्रत्येक पहारेकऱ्याला, राहतोस कुठे, घरी कोण आहे, असं विचारते. पोरं हसतात. म्हणतात, म्हातारी लग्न जमवते वाटतं.

हसू देत.

मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. कामावरून काढलेला माणूस घरी जातो. चिडतो, पितो, झोपतो, मग दुसरं काम शोधतो.

पण युर्कीने याला घर दिलंच नव्हतं.

मग त्या आगीनंतर... तो गेला कुठे?