रडार बंद ठेव, अबोली

ही गोष्ट २०५२ सालच्या एका रविवारी भर दुपारी घडली.

‘तारामार्ग’ या खेळात आम्ही चाच्यांची (अवकाशात मालवाहू यानं लुटणाऱ्यांची) शिकार करतो. आम्ही म्हणजे मी, अबोली, इयत्ता सातवी, राहणार अकोला, आणि माझा वर्गमित्र तौफिक. तो त्याच्या घरून खेळतो आणि हेडफोनवरून आमचं बोलणं चालतं. तारामार्गचा नियम कडक आहे. नष्ट झालेलं यान परत मिळत नाही. तौफिकनं आठ महिने लघुग्रह (सूर्याभोवती फिरणारे मोठाले दगड) खणून, एकेक भाग जोडत आपलं मालवाहू यान बांधलं होतं. मी शहाणीनं त्याला पटवलं की तू आमिष हो, चाचे आले की मी झडप घालते.

दोनदा गेलो आणि दोनदाही चाच्यांनी मला आधी हेरलं. पहिल्यांदा ते पसार झाले. दुसऱ्यांदा मला चकवून त्यांनी तौफिकला गाठलं आणि त्याचं एक इंजिन उडवलं. तो जेमतेम तळावर पोचला. मला एका शब्दानंही बोलला नाही, आणि तेच मला फार लागलं.

कोडं असं होतं की माझं यान सगळ्यात मोठं आणि रडार (रेडिओ लहरी सोडून, त्या आदळून परत आल्या की वस्तू शोधणारं यंत्र) सगळ्यात ताकदीचं. तरी चाचे मला दिसायच्या आधी मी त्यांना कशी दिसत होते?

माझ्या आजोबांनी, नानांनी, तीस वर्षं हवामानाच्या रडारवर काम केलंय. मी त्यांच्याकडे रडगाणं घेऊन गेले.

“अंधारात माळावरून बॅटरी घेऊन चालली आहेस,” ते म्हणाले. “तुला किती लांबचं दिसेल?”

“पन्नासेक पावलं.”

“आणि तुझी बॅटरी दुसऱ्याला किती लांबून दिसेल?”

ती तर पार टेकडीवरूनही दिसली असती.

नानांनी वहीत आकृती काढली. लहर लांब जाते तशी पसरत जाते. अंतर दुप्पट झालं की तिचा जोर चौथाई उरतो. चाच्याला तेवढा पुरतो, कारण त्याला नुसतं ऐकायचं असतं. “तुला मात्र प्रतिध्वनी (आदळून परत आलेली लहर) हवा. तो परत येताना पुन्हा पसरतो. चौथाईची चौथाई, म्हणजे सोळावा हिस्सा. त्यात तुझं यान म्हणजे धूड. त्यांच्या लहरींना आदळायला आयती भिंत.”

म्हणून मी सगळ्यात लहान यान निवडलं. हलकं असल्यामुळे ते पटकन वेग घेतं, पण एक गोळा लागला की खेळ खलास. रडार बंद ठेवायचं, चाच्यांच्या रडारच्या लहरी फक्त ऐकायच्या. ऐकून दिशा कळते, अंतर नाही. दोन ठिकाणांहून दोघांनी दिशा सांगितली तर कागदावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे चाचा. म्हणजे तौफिकलाही रडार बंद करावं लागणार होतं.

“मी आंधळा होऊन बसू?” तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, “नाना आहेत का तिथं?”

“आहेत.”

“मग बसतो.”

तौफिक मालाच्या नेहमीच्या वाटेवर निघाला आणि मी लांबून मागोमाग. नानांनी रडारखोलीतली शिस्त लावली. दर मिनिटाला पडद्याच्या चारही कोपऱ्यांवर बोट ठेवायचं आणि काय आहे ते मोठ्यानं बोलायचं, काही नसलं तरी. नुसतं बघत राहिलं की डोळे उघडे राहतात आणि लक्ष पेंगायला लागतं, असं ते म्हणाले.

सतरा मिनिटं पडदा काळाच होता. मला वाटायला लागलं की चाचा माझ्या पाठीशीच आहे. एकदाच, एका क्षणापुरतं रडार लावून बघू, म्हणून माझा हात बटणाकडे गेला.

“बोल,” नाना म्हणाले.

“डावीकडे वर, काही नाही. डावीकडे खाली, काही नाही. उजवीकडे वर...” माझं बोट थांबलं. कानात बारीकशी टिक वाजली. चार सेकंदांनी पुन्हा वाजली. कुणीतरी रडार फिरवत होतं.

“दिशा एकशे दहा अंश,” मी कुजबुजले.

“माझी चाळीस,” तौफिक म्हणाला. “जोरात वाजतंय, अबोली. फार जोरात.”

नानांनी रेघा मारल्या. त्या तौफिकच्या अगदी जवळ छेदल्या. मी अजून लांब होते.

“रडार लावू? एकदाच?” तौफिकनं विचारलं.

“नको. टिक थांबून थांबून येतेय, म्हणजे ते नुसतं शोधतायत. तू सापडला असतास तर ती सलग वाजली असती.” हे मी खात्रीनं बोलले, पण खरी खात्री मलाही नव्हती. चुकले असते तर आठ महिने गेले असते, आणि माझे नव्हे, त्याचे.

मी वेग वाढवला. रेघेच्या टोकाशी, रडारशिवाय नुसत्या डोळ्यांनी, एक इवलंसं यान दिसलं. त्याची पाठ माझ्याकडे होती. नेमकी तेव्हाच टिक सलग झाली.

“सापडलो,” तौफिक म्हणाला. ओरडला नाही, नुसतं सांगितलं.

मी तीन गोळे डागले. पहिला हुकला. दुसरा लागला, तिसराही लागला, आणि टिक बंद पडली.

“तौफिक?”

मी नानांचा सदरा घट्ट धरला.

“आहे,” तो म्हणाला. “यान धड आहे. आता लावू रडार?”

मला रडू फुटलं. नानांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि खिडकीकडे बघत बसले.

मग तौफिक म्हणाला, “अबोली, पुढच्या रविवारी आमिष तू हो. मी लांबून ऐकतो.”

आंधळं होऊन, दुसऱ्याच्या भरवशावर, त्या वाटेनं जायचं. आज त्यानं काय सोसलं ते मला तेव्हा कुठं कळलं.

“होते,” मी म्हणाले. “पण तू सारखा बोलत राहा.”