काजळी खरी की सेन्सर?

"उद्या सकाळी ओरछ्याची सहल. तात्यासाहेब पुढे, तुम्ही तिघं मागे, आणि कुरकुर अजिबात नको," यशोधनदादा म्हणाला. बाहेर धुकं होतं. त्याने काचा वर केल्या आणि हीटर वाढवला. गाडी खासगी बाजारातून गुरगुरत निघाली.

"गरिमा झोपली," अंशुल म्हणाला. गरिमा त्याची धाकटी बहीण; दोघं शेजारची.

यशश्रीने तिला हलवलं. ती उठेना. जोरात हलवलं तेव्हा तिने डोळे उघडले, पण आपण कुठे आहोत हे तिला पटकन उमगेना. दर्पण कॉलनीत घरासमोर उतरताच ती फाटकाशी ओकली.

"गाडी लागते तिला," दादा म्हणाला.

"बसमध्ये नाही लागत," यशश्री म्हणाली. ती आठवीत होती आणि दादाची चुलत बहीण. "माझंही डोकं दुखतंय. आणि तात्यासाहेबांना रोज सकाळी चक्कर येते, ती याच गाडीत बसल्यावर."

तात्यासाहेब म्हणजे दादा आणि यशश्रीचे आजोबा. थंडीत 'गाडी गरम करणं' हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. पोर्चला तीन बाजूंनी ताडपत्री लावलेली होती. तिथे इंजिन आणि हीटर सुरू करून, काचा बंद करून ते गाडीतच चहा पीत. घरात याहून उबदार जागा नाही, असं त्यांचं म्हणणं.

"त्यांचं वय झालंय," दादा म्हणाला. "गाडीत दोष नाही. हे बघ." त्याने मोबाइलवरचं ॲप दाखवलं. ते गाडीच्या कॉम्प्युटरशी जोडलेलं होतं. "हा ऑक्सिजन सेन्सर. इंजिनातून निघालेल्या धुरात किती ऑक्सिजन उरला ते सांगतो. जास्त उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. नवा सायलेन्सर बसवल्यापासून हा सारखा 'कमी' म्हणतोय. म्हणून मी पेट्रोल वाढवलं. तरी कमीच. समजलं, शास्त्रज्ञबाई?"

तो आत गेला. यशश्रीने सायलेन्सर थंड होऊ दिला, मग त्याच्या तोंडात बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं.

"काजळी. पेट्रोल जास्त असलं की धरते."

"यार, ये तो उलटा है," अंशुल म्हणाला. "सेन्सर म्हणतो कमी, नळी म्हणते जास्त. एक तरी झूठा आहे."

"किंवा दोघंही खरे. सेन्सरला दिसणारा ऑक्सिजन इंजिनातला नसेल तर? जोडाला फट असेल आणि तिथून बाहेरची हवा आत शिरत असेल तर? कॉम्प्युटर फसेल, आणि त्याचं ऐकून दादा पेट्रोल वाढवत राहील."

"फटीतून हवा आत जाते," गरिमा हळूच म्हणाली, "मग धूर बाहेर नाही येणार?"

यशश्रीला एकदम सगळं जुळलं. पेट्रोल जास्त आणि हवा कमी असली, की धुरात कार्बन मोनॉक्साइड खूप होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्त ऑक्सिजन सोडून त्यालाच धरून बसतं. आणि हीटरचा पंखा हवा ओढतो ती बॉनेटजवळून.

तिने दादाला सगळं सांगितलं. "सकाळी बघू," तो म्हणाला.

सकाळी दादा आणि तात्यासाहेब उठायच्या आधीच तिघं पोर्चमध्ये होते. इंजिन गार होतं. अंशुलने व्हॅक्यूम क्लीनर आणला होता. नळी हवा फेकणाऱ्या बाजूला लावून त्याने ती सायलेन्सरच्या तोंडात खुपसली आणि भोवती फडकं दाबलं. यशश्रीने बॉनेट उघडून जोडांवर साबणाचं पाणी फवारलं.

पहिल्या जोडावर काही नाही. दुसऱ्यावरही नाही. इंजिनाजवळच्या जोडावर मात्र फुगे आले. एकावर एक, थांबेचनात. तो जोड सेन्सरच्या आधी होता.

"दादा कुठाय?"

"आत्ताच कोपऱ्यावर न्याहारीसाठी गरम बेडई-पुऱ्या आणायला गेला," गरिमा म्हणाली.

नळी काढून, बॉनेट लावून तिघं धावत सुटले. दादा कोपऱ्यावर नव्हता; बऱ्याच शोधानंतर पुढच्या चौकातल्या रांगेत सापडला. त्याने ऐकलं, हसला, मग हसायचा थांबला. "फुगे सेन्सरच्या आधी? नक्की?"

"नक्की. तू पेट्रोल वाढवत गेलास, तसा विषारी वायू वाढत गेला."

ते परत निघाले. गल्लीच्या तोंडाशीच दादा थबकला. धुक्यातून ओळखीची गुरगुर येत होती.

"तात्यासाहेब," यशश्री म्हणाली, आणि सगळे धावले.

तात्यासाहेबांचं डोकं काचेला टेकलेलं होतं. गाल गुलाबी, जणू छान ऊब लागली होती. चहाचा पेला मांडीवर कलंडला होता. यशश्रीने काच बडवली. ते हलले नाहीत. दारं आतून बंद होती.

"दुसरी किल्ली?"

"वर... कपाटात... नाही, जॅकेटमध्ये..." दादा खिसे चाचपत होता.

"काच फोड, दादा."

अंशुलने ताडपत्री ओढून खाली पाडली. दादाने कुंडीखालची वीट उचलली आणि मागच्या दाराची काच फोडली. हात आत घालून त्याने दार उघडलं, पुढे वाकून इंजिन बंद केलं.

"इथे नको, रस्त्यावर घ्या त्यांना," यशश्री ओरडली.

त्यांनी तात्यासाहेबांना उघड्यावर निजवलं. गरिमा इंदुताईंना, म्हणजे दादाच्या आईला, बोलवायला पळाली. यशश्रीने तात्यासाहेबांच्या नाकाशी हात धरला. श्वास होता, पण अगदी बारीक. ती हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने त्यांना खोकला आला.

रुग्णालयात त्यांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी त्यांचं आणि काल गाडीत असलेल्या चौघांचंही रक्त तपासलं. "बोटाला लावून ऑक्सिजन मोजतात त्या यंत्राने सगळं ठीकच दाखवलं असतं. त्याला हा वायू ओळखता येत नाही," ते म्हणाले. "कारण सांगत आलात, म्हणून मी लगेच रक्त तपासलं. शाब्बास, मुलांनो. थोडा उशीर झाला असता, तर मला फार काही करता आलं नसतं."

दादा भिंतीला टेकून उभा होता. "मी सेन्सरवर विश्वास ठेवला."

"तो खोटं नाही बोलला, दादा. त्याच्यासमोर जे आलं ते त्याने सांगितलं. आपण कुणी नळीत बोट घातलं नाही."

"तू घातलंस," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी तिला जवळ घेतलं.

दुपारी तात्यासाहेबांनी मुलांना आत बोलावलं आणि तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला.

"रोज चक्कर यायची, नावं विसरायचो," ते म्हणाले. "मला वाटलं, आता आपलं संपत आलं. कुणाला बोललो नाही, मनातल्या मनात निरोप घेत होतो. पोरांनो, तो धूर होता. तुम्ही शोधलंत म्हणून कळलं."

मग त्यांनी मास्क परत लावला आणि यशश्रीचा हात बराच वेळ सोडला नाही.