तू काय म्हणाला होतास?

गाडी पांढरी होती, आमच्या लॅबच्या इमारतीच्या फाटकाजवळच उभी होती आणि दार ओढलं तर उघडलं. मी बसले. पर्स मागच्या सीटवर टाकली, पट्टा लावला, चपला काढून पाय वर घेतले आणि डोळे मिटले. काचेवर पावसाची बारीक भुरभुर चालली होती.

थोड्या वेळाने शेजारचं दार उघडलं आणि कोणीतरी धप्पकन बसलं.

"किती उशीर रे! डोकं नुसतं भणभणतंय माझं. आधी घरी चल, बाकीची कामं नंतर."

"उशीर झाला खरा," आवाज आला. "घर कुठे तेवढं सांगा, सोडतो. फक्त त्याआधी... आपण कोण, ते कळेल का?"

मी डोळे उघडले. मनगटापर्यंत ग्रीसने माखलेले हात, मांडीवर हत्यारांची पेटी आणि चेहऱ्यावर, रागवावं की हसावं, असा प्रश्न.

"ही माझ्या दादाची गाडी आहे," मी ठणकावून सांगितलं.

"असेल. मग हिची किल्ली माझ्याकडे कशी?"

आरशात पाहिलं, तर मागे दुसरी पांढरी गाडी उभी होती. तिच्यात माझा भाऊ कपाळाला हात लावून बसला होता.

"अगं बाई... मला वाटलं, तुम्ही दादा—"

"बाकी काहीही म्हणा," तो आता हसायलाच लागला, "दादा तेवढं म्हणू नका."

मी अशी काही धूम ठोकली, की एक चप्पल त्याच्याच गाडीत राहिली. दुसऱ्या दिवशी तो ती कागदात गुंडाळून पाचव्या मजल्यावरच्या आमच्या लॅबमध्ये हजर! आमच्या इमारतीची लिफ्ट जुनी झाली होती. तिचे दोर आणि मोटर बदलायचं तीन आठवड्यांचं काम त्याच्याकडे होतं.

"एका पायाने पाच मजले चढलात?" त्याने विचारलं.

"दोन्ही पायांनी. घरी आणखी चपला आहेत."

"नशीब. नाहीतर तुम्ही कुणाच्या तरी घालून आला असतात, वेंधळ्या बाई."

वेंधळी! आमच्या अख्ख्या लॅबने माना वर केल्या. लॅब चालवणाऱ्या मॅडमचा चेहरा तर पडलाच. मला मात्र इतकं बरं वाटलं, की दिवसभर तो शब्द मी मनात घोळवत राहिले.

त्याचं कारण सांगते.

दीड वर्षापूर्वी माझ्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्या निघाल्या. सहा वेळा केमो झाली. केस गेले, परत आले. डॉक्टर म्हणाले, आता तुम्ही बऱ्या झालात. घरी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आपापल्या कामाला लागले. मीही कामावर परतले. आमच्या लॅबमध्ये दातांच्या कॅप बनतात. दातांचे डॉक्टर साचा पाठवतात, त्यावरून मी मेणाचा दात घडवते. आठ वर्षं मी हे काम डोळे मिटून केलं होतं. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी दोन माणसांच्या कॅप अदलाबदल करून पाठवल्या.

हात बिघडले नव्हते, डोकं बिघडलं होतं. शब्द ओठांवर येऊन परत जायचे. 'ते पाणी तापवायचं' म्हणावं लागायचं, किटली आठवायची नाही. सिनेमा अर्ध्यावर आला, की नायकाची बायको कोण आणि बहीण कोण, कळेनासं व्हायचं. लोक म्हणायचे, 'अगं, विसरायला आम्हालाही होतं!' मग मी हसायचे आणि न्हाणीघरात जाऊन रडायचे. मरणाच्या दारातून परत आले होते, तर आनंद व्हायला हवा होता ना? तो का होत नव्हता, हेही कळत नव्हतं. मला जाणणारं प्रत्येक माणूस माझ्याशी जपून, हलक्या आवाजात बोलायचं.

आणि हा मला बिनधास्त वेंधळी म्हणाला! त्याला काही ठाऊकच नव्हतं. मीही सांगितलं नाही. परत उगवलेले आखूड केस त्याला फॅशन वाटले, तर वाटोत.

लिफ्ट बंद, त्यामुळे पाच मजले पायी. माझा दम तिसऱ्यावर संपायचा. तिथल्या जिन्यात तो लिफ्टचं दार उघडून आत वाकलेला असायचा. मी पायरीवर बसायचे, रुमालाने घाम टिपायचे आणि त्याचं काम बघण्याचं नाटक करायचे.

"रोज इथेच का थांबता?" एकदा त्याने मान न वळवता विचारलं.

"हवा चांगली आहे इथे."

"इथे? ग्रीसचा वास आणि उंदीर, एवढंच आहे इथे."

"मग... तेच आवडतं."

"उंदीर?"

मी रुमालाची घडी घालू लागले. तो वळला. कानाच्या पाळ्या लाल झालेला माणूस मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही 'तू'वर आलो. तो मला लोखंडी दोर कसा विणलेला असतो ते दाखवायचा, मी त्याला दाढ आणि सुळा ओळखायला शिकवायचे. एकदा 'पाना दे' म्हणाला, मी हातोडी दिली. तो म्हणाला, "चालेल, आज हातोडीने पिळू."

पण घरी माझा गोंधळ वाढतच चालला. रात्रीची झोप उडाली. चहात मीठ पडलं. छातीत मध्येच धडधडायचं. दर पंधरा दिवसांनी मी रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडे जायचे. त्यांना मी सगळं सांगितलं.

"केमोनंतर पुष्कळांना असं होतं," त्या म्हणाल्या. "लक्ष लागत नाही, शब्द सापडत नाहीत. थकवा आणि काळजी त्यात भर घालतात. तुम्ही वेड्या नाही आहात आणि आळशीही नाही. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं."

"आणि धडधड? चहात मीठ? म्हणजे... हे केमोमुळेच ना?"

"हे सगळं कधी होतं?"

"तो... लिफ्टवाला... जिन्यात भेटला, की त्या दिवशी जास्त."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्याची तपासणी आमच्याकडे होत नाही हो," त्या म्हणाल्या आणि हसू दाबायला त्यांना फार कष्ट पडले.

तिसऱ्या आठवड्यात माझा स्कॅन होता. दर सहा महिन्यांनी असतो. त्याच्या चार दिवस आधीपासून मी माणसांत नसते. त्या दिवशी रजा घेतली, पहाटेपासून उपाशी, मग त्या थंडगार यंत्राखाली पडून राहणं. संध्याकाळी घरी आले ती चिंध्या झाल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. स्वच्छ! दादाने मला उचललंच. मी लॅबमध्ये जाताना तिसऱ्या मजल्यावर थांबले. आज त्याला काहीतरी गमतीचं सांगायचं होतं, काय ते मात्र जिना चढता चढता विसरले होते.

"कसा आहेस?"

"बरा आहे." त्याने मान वर केली नाही. "तुम्ही जा, इथे धूळ उडतेय."

तुम्ही?

मी एक पायरी चढले, थांबले, पुन्हा उतरले. "काही झालं का?"

"काय व्हायचंय? तुम्ही स्पष्ट बोललात, बरं झालं." त्याने ड्रिल सुरू केलं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

मी स्पष्ट बोलले? काय? कधी? मी वर जाऊन मेणाचा गोळा हातात घेऊन तासभर बसून राहिले. मॅडमनी हळूच विचारलं, रिपोर्ट वाईट आला का. दोनच दिवसांत काम संपलं, लिफ्ट सुरू झाली आणि तो दिसेनासा झाला. मी फोन केला, त्याने उचलला नाही. लोक नव्या लिफ्टचं कौतुक करत होते. मी जिन्यानेच चढत होते.

आठवडा असाच गेला. शेवटी वहिनीनेच विषय काढला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तो लिफ्टवाला काय म्हणतो? स्कॅनच्या दिवशी किती वेळ बोलत होतीस त्याच्याशी!"

"स्कॅनच्या दिवशी? मी?"

"अगं, संध्याकाळी. सोफ्यावर आडवी पडून. तू काहीच बोलत नव्हतीस, नुसतं 'हं, हं'. शेवटी म्हणालीस, 'बरं. ठेवते मग.' आणि फोन छातीवर ठेवूनच झोपलीस."

मी फोन उघडून पाहिला. सात वाजून पाच मिनिटं. चौदा मिनिटांचं बोलणं.

चौदा मिनिटं! मी डोळे मिटून आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. सोफा आठवला. पायावरची शाल आठवली. त्याचा आवाजही आठवल्यासारखा वाटला, पण शब्द? एकही नाही. किटली विसरले होते, शेजारणीचं नाव विसरले होते, ते सगळं मी सोसलं होतं. पण हे? कुणीतरी मला काहीतरी दिलं होतं आणि ते माझ्याच डोक्यातून कुठेतरी गळून गेलं होतं. मी वहिनीच्या मांडीत तोंड खुपसून हमसाहमशी रडले.

"विचार ना त्याला सरळ," ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली.

"काय विचारू? 'त्या दिवशी तुम्ही मला जे सांगितलंत, ते जरा पुन्हा सांगता का, माझं लक्ष नव्हतं'?"

"हो. त्यात काय?"

"मग का नव्हतं, तेही सांगावं लागेल. मग तोही तुमच्यासारखा होईल. हलक्या आवाजात बोलणारा."

वहिनीचा हात थांबला. ती नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, "मग रड इथेच बसून, आणि त्याला बसू दे तिकडे रडत. चांगली जोडी आहे!"

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ती मला रागावली होती. मी उठून तोंड धुतलं.

त्याच्या ऑफिसातून कळलं, की तो कापडाच्या मोठ्या दुकानाच्या इमारतीत आहे. लिफ्टची मोटर गच्चीवरच्या खोलीत असते. मी पोचले तेव्हा तो तिथे एकटाच होता. मध्ये लिफ्टचे दोर ओढणारं हिरवं चाक गरगरत होतं. मला बघून त्याच्या हातातलं फडकं पडलं.

"तू... तुम्ही इथे?"

"तू काय म्हणाला होतास?" मी दारातूनच विचारलं. वाटेत आणखी काही बोलले असते, तर हेही विसरले असते.

"कधी?"

"फोनवर. चौदा मिनिटं. मला त्यातला एक शब्द आठवत नाही."

त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "चेष्टा करायला आलीस? मी तीन दिवस पाठ करत होतो ते! आरशासमोर! आणि तू म्हणालीस, 'बरं. ठेवते मग.' त्यापेक्षा शिवी दिली असतीस तरी—"

"मला कॅन्सर झाला होता."

चाक थांबलं. खाली कोणत्या तरी मजल्यावर कोणी तरी उतरलं असावं.

मग मी सगळं सांगितलं. गाठी, केमो, अदलाबदल झालेल्या कॅप, स्कॅनची संध्याकाळ. क्रम चुकला असेल, काही दोनदाही सांगितलं असेन. तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्याने खोलीतला एकमेव स्टूल पुसलं, माझ्याकडे सरकवलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "बस ना... दमली असशील."

"हेच!" मी ओरडले. "याचसाठी सांगितलं नव्हतं! आता तू मला पाना मागणार नाहीस. वेंधळी म्हणणार नाहीस."

"अगं, इतके मजले चढून आलीस, स्टूल देऊ नको?"

"लिफ्टने आले!"

"मग बसू नकोस!" तोही ओरडला. "मला काय माहीत काय करायचं असतं ते! आठवडाभर मला वाटतंय, मी तुला आवडत नाही. आता कळतंय, की तू... की तुला..." त्याने डोळे हाताने पुसले, तर गालावर ग्रीसचा पट्टा उमटला. "परत होईल का ते?"

"माहीत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघतील. मग पुन्हा सहा महिन्यांनी."

"मला भीती वाटतेय."

"मलाही वाटते."

'भीती वाटते' असं कुणी मला म्हणालंच नव्हतं. सगळे धीर द्यायचे. मी आपणहून त्या स्टुलावर बसले.

"पुन्हा सांगू?" त्याने विचारलं. "फोनवरचं?"

"सांग. पण थांब, आधी मी. आत्ता आठवतंय तोवर बोलून टाकते." मी श्वास घेतला. "मला तू... म्हणजे तुझं ते... मला तुझ्याबद्दल..."

शब्द गेला. अगदी ओठांवरून गेला. हात हवेत तसाच राहिला. इतर वेळी समोरचा माणूस कळवळून शब्द पुरवतो. हा गप्प उभा राहिला. कुणीतरी खाली बटण दाबलं, चाक फिरलं, लिफ्ट वर आली, खाली गेली. तो गुडघे टेकून समोर बसला. त्याला काही घाई नव्हती.

"...हवा आहेस," मी म्हणाले. "मला तू हवा आहेस. वेगळा शब्द होता, पण आता हाच आलाय."

"हा चालेल," तो म्हणाला. त्याचा आवाज मुळीच हलका नव्हता, नुसता फाटला होता.

मग त्याने ती चौदा मिनिटं सांगायला घेतली. पहिली दोन वाक्यं झाली आणि तो अडखळला, डोकं खाजवलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकला. तीन दिवस पाठ केलेलं तो विसरला होता!

"पुढे काय होतं?" मी विचारलं.

"आठवत नाहीये गं..."

मी त्याचे काळेकुट्ट हात हातांत घेतले. "सावकाश आठव," मी म्हणाले, "मी आहे इथे."