दोरीचं उत्तर

दोष माझ्या काकाचा होता. साकेलारिसकाकाचा. समुद्राचा नाही, वाऱ्याचा नाही, आणि बंदरावरच्या म्हाताऱ्यांनी नंतर कॉफी ढवळत ज्या ज्या कशाला दोष दिला त्यातल्या कशाचाच नाही. दोरी काकाच्या हातात होती.

सकाळ साधी होती. सप्टेंबर, वारा पडलेला, पाणी तेलासारखं सपाट. दुपारी जर्मन पाहुण्यांना डुबकीला न्यायचं होतं, आणि आमचा एक नांगर आदल्या दिवशी काळ्या कड्याखाली, गुहेच्या तोंडाशी अडकून राहिला होता. तो सोडवायला आम्ही तिघं निघालो: काका, त्याची मुलगी सेवास्ती आणि मी. आमच्या कालिम्नोस बेटाच्या भोवतालच्या डुबकीच्या जागा सेवास्तीला घरातल्या खोल्यांसारख्या पाठ होत्या. पाहुण्यांना खाली तीच न्यायची. मी अथेन्सचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलेला पुतण्या. काकाच्या दुकानात पाणबुड्यांच्या टाक्यांमध्ये हवा भरायचो.

"मीपण उतरतो तिच्याबरोबर," मी म्हणालो. "एकट्यानं जायचं नसतं."

"हे कॉलेजात शिकवलं का?" काका म्हणाला. "पदवी नाही आणली, अक्कल तेवढी आणलीस. एक दोरी, एक माणूस. दोघं उतरले की गुंता होतो."

ही जुन्या स्पंजवाल्यांची, समुद्रतळाचे स्पंज काढून विकणाऱ्या पाणबुड्यांची रीत. पाणबुड्याच्या कमरेला दोरी आणि वर होडीत ती धरणारा माणूस. वरून एक हिसका, म्हणजे ठीक आहेस का. खालून एक हिसका, म्हणजे ठीक आहे. सलग हिसके आले तर वर ओढ. पाहुण्यांसमोर काका हे करत नसे, पण काळ्या कड्याशी दोरीशिवाय तो कुणाला सोडत नसे. आणि बेटावर कुणी त्याला का म्हणून विचारत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं.

अठरा वर्षांचा असताना काकानं इथेच थेमेलिस नावाच्या पाणबुड्याची दोरी धरली होती. पितळी टोप, रबरी नळी, तो काळ. खालून सलग हिसके आले. कप्तान म्हणाला, राहू दे, अजून एक पिशवी भरू दे त्याला. काका थांबला. शेवटी ओढली तेव्हा दोरी रिकामी आली. मोसम वाया जाऊ नये म्हणून होडी पुढच्या जागेवर गेली. थेमेलिस अजून खालीच आहे. म्हातारे म्हणतात, समुद्रानं नेला. तेच म्हातारे लग्नात, खोलातून झटकन वर येऊन पंगू झालेल्या पाणबुड्याचा नाच नाचतात, पाय थरथरवतात, आणि लोक टाळ्या वाजवतात. मला तो नाच कधी बघवला नाही.

सेवास्तीनं दोरी बांधून घेतली. "बाबा, मला चरायला सोडताय का?"

"बडबड कमी कर. हवा पुरवून वापर."

"नोमिकोस, मी येईपर्यंत बाबांना सिगारेट देऊ नकोस," ती मला म्हणाली, आणि मागे कलंडून पाण्यात गेली.

तिचे बुडबुडे कड्याकडे सरकत गेले. दोरी काकाच्या बोटांतून सुटत राहिली, मग थांबली. त्यानं एक हिसका दिला. खालून एक आला.

"पोहोचली."

पुन्हा एक. पुन्हा उत्तर. मी बुडबुडे बघत होतो. ते एकदम खूप आले, पाणी उकळल्यासारखं झालं, आणि मग आलेच नाहीत.

"काका, बुडबुडे थांबलेत."

"गुहेत शिरली असेल. छताला अडकतात." हिसका. उत्तर. "बघ."

तेव्हा मला वास आला. ओल्या दोरीचा असतो तसा नव्हे. न धुतलेले स्पंज उन्हात सडायला टाकतात, त्याचा. आमच्या होडीनं कित्येक वर्षांत स्पंज पाहिलेला नव्हता.

टाकीत किती हवा आहे हे मला ठाऊक होतं, मीच भरली होती. मी सूट आणि टाकी चढवायला लागलो.

"बस खाली," काका म्हणाला. "दोरी बोलतेय तोवर कुणी उतरत नाही."

"दोरी बोलतेय, सेवास्ती कुठे बोलतेय?"

"माझ्या हातात कोण आहे मग?"

त्यानं हिसका दिला. उत्तर लगेच आलं. फारच लगेच... विचारायच्या आधीच कुणी तयार बसल्यासारखं. काकाचा चेहरा शांत होता. मी नळी तोंडात धरली आणि त्याला ढकलून पाण्यात उडी मारली.

दोरीला हात लावूनच खाली गेलो. गुहेच्या तोंडाबाहेर, जुन्या मासेमारीच्या जाळ्यात सेवास्तीचा पाय अडकला होता. तोंडातली नळी निसटलेली, डोळे उघडे. कमरेला दोरी नव्हती. दोरी तिच्या खांद्याजवळून पुढे, गुहेच्या अंधारात गेली होती. ताठ.

मी एका हातानं, सुरीनं, जाळं कापत होतो, दुसरा दोरीवर होता. वरून काकाचा हिसका आला. तो माझ्या तळव्यातून सरकून आत गेला. आणि आतून, माझ्याच तळव्यातून, एक हिसका वर गेला.

तिला घेऊन मी थांबायला हवं तिथेही न थांबता वर आलो. माझा डावा पाय तेव्हापासून जड आहे. म्हातारे म्हणतात, याला मशीन लागलं. पितळी टोपाच्या पोशाखाला ते मशीन म्हणत, आणि त्यातून पाय गेला की मशीन लागलं म्हणत.

मी तिला होडीत चढवली. काका बघत राहिला. त्यानं दोरी सोडली नव्हती.

"असं कसं?" तो म्हणाला. "आत्ता बोलली..."

तटरक्षक दलाचे पाणबुडे दोनदा उतरले. दोरी एका फटीत जाते, म्हणाले, माणूस मावणार नाही एवढ्या. ओढली तर येत नाही. टोकाला काय आहे ते दिसलं नाही. काकानं वरचं टोक एका तरंगत्या डब्याला बांधलं आणि रोज सकाळी होडी घेऊन तिथे जाऊन बसायला लागला.

गेल्या रविवारी काकूनं मला त्याला आणायला पाठवलं. तो दोरी मांडीवर घेऊन बसला होता. दाढी वाढलेली. होडीभर तोच वास.

"काका, घरी चला. काकू जेवायची थांबलीय."

"धर."

"नको."

"धर म्हणतो ना... तुझे हात तरुण आहेत. तुला नीट कळेल."

मी धरली. वरून हिसका त्यानं दिला नव्हता, मीही दिला नव्हता. थोडा वेळ काही नव्हतं. मग खालून हिसके यायला लागले. सलग. न थांबता.

"रोज हेच," काका हळू म्हणाला. "वर ओढ म्हणतंय. नोमिकोस... कोण आहे?"

सेवास्तीच्या शवपेटीला मी खांदा दिला होता. तिला कुठे पुरलंय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यानं माझ्या हातातून दोरी घेतली आणि दोन्ही मुठींत धरून बसला. ओढली नाही. त्याच्या मुठी हलत होत्या, आत, बाहेर, आत. मी इंजिन सुरू केलं तरी त्यानं सोडली नाही, म्हणून बंद केलं आणि त्याच्यासोबत बसलो.

त्याला एकच मुलगी होती. सेवास्ती. ती गेली.